पसाभर ज्वारीला घेतलेली मुलगी

ती सकाळ आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्त पोलीस आठवणी सांगायला बसला की ऐकणाऱ्याला खून हवा असतो, निदान एखादा दरोडा तरी. तेही माझ्याकडे आहेत, पण माझे जुने सहकारी ते चहाच्या टपरीवर माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतात. मला जे प्रकरण सांगायचं आहे त्यात मुद्देमाल म्हणावा अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे फडक्यात बांधलेली पसाभर ज्वारी.

माझे वडील अकोल्याकडचे, रेल्वेत होते. बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. मी राजस्थान पोलिसात लागलो आणि सगळी नोकरी इकडेच काढली. घरात वऱ्हाडी, बाहेर हिंदी, आणि वेळ पडली तर शिव्या दोन्हीतल्या, असा माझा कारभार. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. खातीपुऱ्याचा काही भाग आमच्या हद्दीत यायचा.

सकाळची हजेरी चालू होती. कोण गस्तीवर, कोण कोर्टात, कोणाची रजा नामंजूर, हे मी सांगत होतो आणि रजा नामंजूर झालेले माझ्याकडे रागाने बघत होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे पुरुषाचा आवाज, सुशिक्षित, घाबरलेला.

"खातीपुरा में एक मराठी औरत के पास एक छोटी बच्ची है. खरीदी हुई है. आप पूछेंगे तो खुद बोलेगी."

त्याने घराचा पत्ता नीट सांगितला. नाव विचारलं तर सांगेना.

"बस, बच्ची को वहाँ से निकाल लीजिए," तो म्हणाला. "औरत को तंग मत कीजिएगा."

आणि फोन ठेवला. मी रोजनामच्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला स्टेशन डायरी म्हणतात तिच्यात, नोंद करायला सांगितली. पण शेवटचं वाक्य माझ्या कानात अडकलं होतं. पोलिसांना खबर देणाऱ्या माणसाला समोरचा अडकलेला बघायचा असतो. उगाच कोणी फोन करत नाही. या गृहस्थाला गुन्हा हवा होता आणि गुन्हेगाराला मात्र त्रास नको होता. असला खबऱ्या मी तोवर पाहिला नव्हता.

माझा फौजदार तरुण होता, कलमं तोंडपाठ. "सर, सीधा-सीधा ट्रैफिकिंग है," असं म्हणत तो जीपकडे निघालासुद्धा. त्याला थांबवून मी साधे कपडे घालायला लावले. लहान मुलाच्या बाबतीत वर्दीत जायचं नाही, असा नियम आहे. बाईलाही चौकशीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, तिचा जबाब घरी जाऊन घ्यावा लागतो. हे दोन्ही नियम आमच्या लोकांना माहीत असतात आणि घाईत हमखास आठवत नाहीत. एक महिला कॉन्स्टेबल बरोबर घेतली आणि निघालो.

घर दुमजली होतं. खाली एक रेल्वेतलं कुटुंब भाड्याने राहत होतं, नवरा ड्युटीवर गेलेला. दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि जमिनीवर पन्नाशीची एक बाई एका मुलीची वेणी घालत बसलेली. मुलगी सहाएक वर्षांची, शाळेच्या कपड्यात. एक वेणी झाली होती, दुसरीचे केस बाईच्या मुठीत होते. आम्ही पोलीस आहोत हे सांगितल्यावरही तिने ते केस सोडले नाहीत.

फौजदाराने विचारलं, "यह बच्ची किसकी है?"

"मेरी."

"आपने जन्म दिया है?"

"नहीं. खरीदी है."

फौजदाराने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "किससे खरीदी?"

"इसकी दादी से. पसाभर ज्वारी देके."

फौजदाराचा चेहरा पडला. "सर, पसाभर मतलब?"

मी तळहात वाकवून दाखवला. मला हसू आलं होतं आणि ते लपवणं कठीण झालं होतं. मी मराठीत बोलायला लागलो तशी बाईने पहिल्यांदाच मान वर केली.

"तुमी आपलेच हाय काय? कुठचे?"

"अकोल्याचा."

"मी बडनेऱ्याची," ती म्हणाली आणि वेणीचा पुढचा पेड घातला.

ज्यांना ही चाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात लागोपाठ मुलं दगावली की पुढचं मूल जन्मल्यावर दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचे. ती पसाभर धान्य देऊन ते विकत घ्यायची आणि "माझं म्हणून सांभाळ" असं बजावून आईकडेच परत द्यायची. मूल आता या घरचं राहिलं नाही, असं मृत्यूला वाटावं म्हणून हा खटाटोप. माझ्या थोरल्या भावाचं घरातलं नाव दगडू होतं, ते याच कारणाने. फौजदाराला हे सांगितलं तर तो ओशाळून म्हणाला, "ऐसा तो हमारे यहाँ भी करते हैं, सर. मेरे एक चाचा का नाम घसीटा है."

म्हणजे तस्करीचं कलम गेलं. पण प्रकरण मिटलं नव्हतं. त्या चालीत मूल आईकडे परत जातं. इथे ते विकत घेणारीकडेच होतं. मी महिला कॉन्स्टेबलला मुलीला अंगणात घेऊन जायला सांगितलं. बाईने आधी दुसरी वेणी पुरी केली, रिबीन बांधली आणि मगच तिला सोडलं. मग भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "विचारा, काय विचाराचं ते."

वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलं होतं, सोलापूरकडचं. नवरा इथल्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. त्यांची दोन मुलं जन्मल्यावर गेली होती. ही तिसरी झाली तेव्हा सासू गावाहून आली आणि तिने हा विधी खालच्या बाईसोबत केला. मुलगी चार वर्षांची असताना तिची आई आजारी पडली आणि वारली. बापाने पोरीला "महिनाभर सांभाळा" म्हणून खाली ठेवलं आणि नोकरी बदलून निघून गेला. महिना संपला, वर्ष संपलं, मग दुसरंही संपायला आलं.

"बाप आता कुठं आहे?" मी विचारलं.

"नाई सांगनार."

"का?"

"तुमी त्याले बलावसान, अन् पोरगी त्याच्या हाती देसान."

"बाई, अशानं मला वेगळाच संशय येईल. बाप जिवंत आहे ना?"

ती हसली. "जिवंत हाय. पन बाप हाय का, ते मले माहीत नाई."

मी तिला धमकावूनही पाहिलं. माझा आवाज चढला की चांगले चांगले सराईत पाणी मागायचे. ही बाई शांतपणे ऐकत राहिली आणि मी दमल्यावर म्हणाली, "चहा ठेवू का, भाऊ? गळा सुकला असंन." मी चहा नाकारला आणि बाहेर पडलो. खोटं बोलणारा माणूस एका प्रश्नाला दहा उत्तरं देतो, हा माझा अनुभव. या बाईने एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं आणि बाकी सगळं विचारण्याआधी सांगितलं होतं. तिच्या बाजूने काही लपलेलं नव्हतं, म्हणून मी खबऱ्याच्या मागे लागलो.

सकाळचा फोन राजा पार्कमधल्या एका गेस्ट हाउसच्या काउंटरवरून आला होता. दुपारी आम्ही तिथे पोचलो. खाली छोले-भटुऱ्यांच्या दुकानांपुढे गर्दी, वर तीन खोल्या. मधल्या खोलीचं दार वाजवलं. तिशी ओलांडलेल्या एका माणसाने उघडलं आणि आमच्या मागे, जिन्याकडे बघायला लागला. मी ओळख दिली नव्हती, तरी आम्ही पोलीस आहोत हे त्याने ताडलं होतं. तो आमच्याबरोबर कोणी लहान आहे का, ते शोधत होता.

आत पलंगावर नऊवारीतली एक म्हातारी बसली होती. शेजारी भरलेली बॅग, तिच्यावर मुलीचा नवा कोरा फ्रॉक, आणि फ्रॉकवर फडक्याची गाठ. मी गाठ सोडली. आत शाळू ज्वारी होती. जयपुरात बाजरी रस्त्यावर मिळते, असली टपोरी ज्वारी गावाहूनच आणावी लागते.

"फोन तुम्ही केलात?" मी मराठीत विचारलं.

तो माणूस खाली बसला. बोलली ती म्हातारी.

"म्याच करायला लावला. त्येला कशाला बोलता?"

"मुलगी तुमची नात, याची लेक. दारात जाऊन मागायची. पोलीस कशाला पाठवले?"

"आमी न्हाई मागायची, साहेब." म्हातारीने दोन्ही हात कानाला लावले. "आमी मागितली म्हंजी ती आमची हाय हे यमाला कळतंय. दोन नेली त्यानं. सरकारनं काढून आणली तर दोष आमाला लागत न्हाई. मग ह्यो पसा त्या बाईला पोचता करायचा, म्हंजी व्यवहार फिटला."

मी आयुष्यात पोलिसांचा नाना तऱ्हेने वापर झालेला पाहिला आहे. भाडेकरू काढायला, सोयरीक मोडायला, शेजाऱ्याचं कुत्रं हटवायला. पण यमाला चकवायला माझं ठाणं वापरलेलं ते पहिलंच. म्हातारीवर मला राग धरता आला नाही, कारण तिची भीती खरी होती. तिने दोन नातवंडं मातीत ठेवली होती. लेकावर मात्र माझं डोकं भडकलं.

"तुमचंही हेच म्हणणं आहे?"

"मी हे काही मानत नाही," तो पुटपुटला.

"मग फोन का केलात?"

तो म्हणाला, "त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. महिनाभर म्हणून गेलो होतो. ती दिसली की तिची आई आठवायची, म्हणून नाही आलो. मतलब, आधी नाही आलो, आणि मग इतके दिवस झाले की येता येईना. आता पुण्यात दुसरं लग्न केलंय. बायको स्वतःच म्हणाली, मुलीला घेऊन या."

"अहो, ज्या बाईनं तुमची पोर वाढवली तिला चोर ठरवून यायचं होतं तुम्हाला?"

"मी म्हटलं होतं, त्यांना त्रास देऊ नका म्हणून," तो म्हणाला आणि रडायला लागला.

रडणारा पुरुष समोर असला की आमच्या खात्यातले लोक पाणी मागवतात. मी मागवलं नाही. दोघांना उद्या बाल कल्याण समितीपुढे हजर राहायला सांगितलं आणि निघालो.

संध्याकाळी ठाण्यावर फोन आला. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावरून, माझ्याहून बऱ्याच वरच्या माणसाचा. कोणाची तरी ओळख काढली गेली होती. "बाप मिल गया ना? बच्ची उसको दे दो, खत्म करो. समिती-वमिती का झंझट क्यों?"

कायद्याने बाप हा पालकच होता. मी त्याच संध्याकाळी मुलगी त्याच्या हवाली केली असती तर मला कोणी विचारलंही नसतं. पण तो ती न्यायला त्या दारात गेला नव्हता. त्याने जीप पाठवली होती. पोर आपल्या घरातून पोलिसांच्या हाताने उचलली गेली असती तर ते तिच्या आयुष्यभर लक्षात राहिलं असतं, आणि मावशीने काहीतरी वाईट केलं असणार असं तिला वाटत राहिलं असतं. हे माझ्या हातून होणार नव्हतं.

मी म्हटलं, "सर, आदेश लिखित में भिजवा दीजिए."

पलीकडे फोन आदळला. लेखी आदेश आला नाही. तो येत नसतोच.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्षा वयस्क, मृदू बोलणाऱ्या राजस्थानी बाई होत्या. मराठी बोलणं त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मुलगी बाहेरच्या खोलीत चित्र काढत होती. खातीपुऱ्याची बाई खुर्चीच्या कडेला ताठ बसली होती. बापाने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

अध्यक्षांनी बाईला विचारलं की ती मुलीची कोण लागते. बाई म्हणाली, "मावशी. पोरगी मले आई नाई म्हनत, मीच म्हनू नाई देल्लं. तिची आई मेली, पन तिची जागा काही कोनी घेत नाई."

तेवढ्यात म्हातारी उठली. फडक्याची गाठ सोडून तिने ज्वारी टेबलावर बाईपुढे ओतली. काही दाणे घरंगळत खाली गेले.

"घे बाई तुझा पसा. आमचं लेकरू मोकळं कर."

बाईने ज्वारीला हात लावला नाही. म्हातारीकडे बघत ती बोलायला लागली, आणि मला भाषांतर करायचं भान राहिलं नाही.

"आजी, तुमी मलेच कायले निवडलं होतं, ते मले तवाच समजलं होतं. समोर जोशीन होती, बाजूले गुप्ताइन होती. तुमी माह्याकडं आल्या. लेकरू आमच्या घरात टाकलं मंजे उकिरड्यावर फेकलं, यम तिकडं पाह्यनार नाई, असा तुमचा हिशेब. माह्या घरचं पानी नाई पेल्या कधी तुमी, पन पोरगी माह्या ओटीत घातली. मी देव नाई मानत, यम नाई मानत, असला इटाळ तर मुळीच नाई मानत. तरी मी ओटी कायले धरली? तुमची सून रडत होती. तिले झोप लागावी म्हनून धरली. तवा तुमी म्हनल्या, तुझी म्हनून सांभाळ. मी हो म्हनलं. तुमच्यासाठी तो खेळ होता, आजी. मी खरंच हो म्हनलं होतं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी जमेल तसं हिंदीत सांगितलं.

"पोरगी मी अडकवून नाई ठेवत," बाई पुढे म्हणाली. आता ती बापाकडे वळली होती. "तू ये. दर महिन्याले ये. माह्या घरात बस, तिची वेनी घाल, तिच्या शाळेत जा. ज्या दिवशी ते आपल्या पायानं तुह्यासंगं निघंन, त्या दिवशी तिची बॅग मी उचलीन, स्टेशनपावतर. पन पोलीस नको पाठवू माह्या दारी. अन् आजी, हे जवारी मी घेतली वापस, पन एका बोलीवर. मी तिची भाकर करीन आन् तुमी माह्या घरात बसून ते खासान. नाई तर उचला."

म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. तिने ज्वारी उचलली नाही आणि होही म्हटलं नाही. पदर सावरून ती बाहेर जाऊन बसली. बाईने एकेक दाणा गोळा केला, खाली पडलेलेसुद्धा, आणि आपल्या रुमालात बांधला.

समितीने मुलीशी वेगळं बोलून निर्णय दिला. तूर्त मुलगी आहे तिथेच राहील, बाप दर महिन्याला भेटेल, आणि पोलीस अधिकारी मधून मधून जाऊन अहवाल देईल. तो अधिकारी मी. बंगल्यावरचे साहेब नाराज झाले आणि त्यांनी मला पुढे बराच त्रास दिला, पण तो हिशेब मी कधी मांडला नाही.

पहिल्या महिन्यात बाप आला तेव्हा मी मुद्दाम गेलो. तो मुलीमागे कंगवा घेऊन बसला होता. एक वेणी कानाशी, दुसरी मानेवर. मुलगी आरशात बघून म्हणाली, "पापा, ये तो टेढ़ी है," आणि तशीच मिरवत अंगणात पळाली. बाई स्वयंपाकघरातून बघत होती. मला म्हणाली, "शिकंन. मलेबी पोरांच्या येळेस कुठं येत होतं सगळं."

आजी आली ती बऱ्याच महिन्यांनी, थंडी पडल्यावर. मी तिथेच होतो. उंबऱ्यापाशी ती थांबली, तिची बोटं चौकटीवर होती. कोणी तिला या म्हणालं नाही आणि जाही म्हणालं नाही. मग नात धावत आली, तिचा हात धरून तिने आजीला आत ओढलं.

बाईने रुमालातली ती ज्वारी दळून ठेवली होती. पिठाची एकच भाकरी झाली. ताटलीत भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि पाण्याचा तांब्या तिने आजीपुढे ठेवला. आजी कितीतरी वेळ ताटलीकडे बघत राहिली. मग तिने भाकरीचे दोन तुकडे केले. अर्धी नातीच्या हातात दिली आणि उरलेली खायला लागली. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. शेवटी तांब्या तोंडाला लावून घटघट पाणी प्यायली.

"आजी, तुम्हाला भीती नाही वाटत आता?" माझ्याकडून न राहवून विचारलं गेलं.

तिने तांब्या खाली ठेवला. "वाटती की. पर कळू दे त्येला, पोरगी कुणाची हाय ती. येऊ दे हितं. आता आमी दोगी हाव."

मुलगी आज मोठी झाली आहे. सुट्टीत पुण्याला जाते, नव्या आईशी तिचं जमतं, आणि शाळा सुरू झाली की खातीपुऱ्याला परत येते. लोक मला म्हणतात, साहेब, शेवटी मूल कायद्यानं कोणाचं? कायदा मला शिकवू नका, मी जन्मभर तोच राबवला आणि आजही मानतो. पण कोणी मला पालक म्हणजे कोण असं विचारलं, तर मला त्या बाईची मूठ आठवते. दारात पोलीस उभे होते, नवऱ्याची नोकरी, अब्रू, सगळं पणाला लागलं होतं, आणि तिने आधी पोरीची दुसरी वेणी पुरी केली.